कोड्यात न लिहिलेली ओळ

(मोशी येथील व्याख्यानमालेत झालेल्या स्मृतिव्याख्यानाचा मुद्रित मजकूर)

मोशीच्या बोऱ्हाडेवाडीतल्या एखाद्या नव्या सोसायटीत एक कुटुंब राहायला आले आहे, असे समजा. कुटुंबात दोन अपत्ये आहेत. त्यांपैकी निदान एक मुलगा आहे, एवढे शेजाऱ्यांना कळले आहे. तर दोन्ही मुलगेच असण्याची संभाव्यता किती?

दहावीच्या गणित भाग 1 मध्ये ‘संभाव्यता’ हे प्रकरण आहे. ते नीट केलेला विद्यार्थी लगेच नमुना अवकाश मांडेल. थोरला मुलगा आणि धाकटा मुलगा, थोरला मुलगा आणि धाकटी मुलगी, थोरली मुलगी आणि धाकटा मुलगा, दोन्ही मुली. चार समसंभाव्य निष्पत्ती. निदान एक मुलगा आहे म्हणजे शेवटची बाद. उरल्या तीन, त्यांत हवी ती एक. उत्तर 1/3. त्याच्याच बाकावरची मैत्रीण म्हणेल, एक मुलगा आहे हे ठरले, आता दुसरे अपत्य मुलगा असेल किंवा मुलगी, उत्तर 1/2. दोघांचीही आकडेमोड बिनचूक आहे. मतभेद आहे तो शेजाऱ्यांना ही बातमी कळली कशी, याबद्दल. कोड्यात ती ओळ लिहिलेलीच नाही, आणि ती ज्याने त्याने आपापल्या मनाने भरून घेतली.

दोन अपत्यांची 400 कुटुंबे घेऊ. पाठ्यपुस्तकी हिशेबाने 100 घरांत दोन मुलगे, 100 घरांत दोन मुली, 200 घरांत एक मुलगा आणि एक मुलगी. आता सोसायटीच्या कार्यालयाने प्रत्येक कुटुंबाकडून एक अर्ज भरून घेतला आणि त्यात विचारले, ‘तुम्हाला मुलगा आहे का?’ 300 घरे ‘हो’ म्हणतील आणि त्यांतल्या 100 घरांत दोन मुलगे असतील. उत्तर 1/3. अर्ज नाही, पण त्या घरातले एक अपत्य सहज लिफ्टमध्ये भेटले आणि ते मुलगा निघाले, तर हिशेब बदलतो. दोन मुलग्यांच्या 100 घरांतून भेटेल तो मुलगाच. मिश्र 200 घरांपैकी 100 घरांतून मुलगा भेटेल आणि 100 घरांतून मुलगी. मुलगा भेटण्याचे प्रसंग 200, त्यांतले 100 दोन मुलग्यांच्या घरचे. उत्तर 1/2.

तिसरी वाटही आहे. समजा, त्या सोसायटीत अंधार पडल्यावर मुलींना खाली खेळायला सोडत नाहीत आणि शेजाऱ्यांनी त्या घरातल्या मुलाला रात्री क्रिकेट खेळताना पाहिले. मुलगी दिसण्याची शक्यताच नव्हती. त्यामुळे मिश्र घरांतूनही नेहमी मुलगाच दिसणार, आणि उत्तर पुन्हा 1/3 वर जाते. दिसलेला मुलगा तोच, कुटुंब तेच. मुलींना खाली पाठवतात की नाही, या एका रीतीने उत्तर फिरले.

हे कोडे लोकप्रिय केले अमेरिकेतल्या मार्टिन गार्डनर यांनी, 1959 साली, ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकातल्या आपल्या सदरात. महाराष्ट्राला हे नाव आणखी एका कारणाने जवळचे वाटायला हवे. मोशीतून जाणारा पुणे-नाशिक रस्ता धरून पुढे गेले की नाशिकजवळ देवळाली लागते. तिथल्या शाळेत शिकवणाऱ्या दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांनी 6174 या संख्येचा विलक्षण गुणधर्म शोधला होता. त्यांचे काम जगभरच्या वाचकांपर्यंत पोचवले ते याच गार्डनरांच्या मार्च 1975 च्या लेखाने. दोन अपत्यांच्या कोड्याला गार्डनरांनी आधी 1/3 असे एकच उत्तर दिले होते. ‘निदान एक मुलगा आहे’ ही माहिती कोणत्या पद्धतीने मिळाली हे सांगितल्याशिवाय प्रश्नच संदिग्ध राहतो, हे त्यांनी पुढे मान्य केले. इतक्या मोठ्या लेखकाने आपले छापील उत्तर अपुरे ठरवणे, ही गणिताच्या लोकप्रिय लेखनातली फार मोलाची गोष्ट आहे.

पुढे अमेरिकेतल्याच मेरिलिन व्हॉस सावंत यांनी आपल्या सदरातून वाचक स्त्रियांना आवाहन केले: ज्यांना नेमकी दोन अपत्ये आहेत आणि त्यांत निदान एक मुलगा आहे, त्यांनी कळवावे. 17,946 उत्तरे आली. त्यांतल्या 35.9 टक्के घरांत दोन्ही मुलगे होते, म्हणजे तिसऱ्या हिश्श्याच्या जवळपास. अनेकांना हा 1/3 चा पुरावा वाटला. पण प्रश्न आयांना विचारला होता, एका घराचे एकच पत्र येणार होते, आणि अट आधीच सांगितलेली होती. सोसायटीच्या कार्यालयातला अर्ज तो हाच. हाच प्रश्न मुलग्यांना विचारला असता तर उत्तर निम्म्याच्या आसपास आले असते.

2010 मध्ये गॅरी फोशी यांनी गार्डनरांच्या स्मरणार्थ भरणाऱ्या मेळाव्यात या कोड्याला आणखी एक वळण दिले. ‘मला दोन अपत्ये आहेत. एक मुलगा मंगळवारी जन्मलेला आहे. दोन्ही मुलगे असण्याची संभाव्यता किती?’ वाराचा इथे काय संबंध, असे कोणालाही वाटेल. पण लिंग आणि वार मिळून प्रत्येक अपत्याच्या 14 शक्यता, दोघांच्या मिळून 196. निदान एक मंगळवारचा मुलगा असलेल्या जोड्या 27, आणि त्यांत दोन्ही मुलगे असलेल्या 13. उत्तर 13/27, म्हणजे सुमारे 48 टक्के. मात्र यासाठी ‘मंगळवारचा मुलगा असलेले वडील’ आधी निवडून पुढे आणलेले असावे लागतात. वडिलांनी दोघांपैकी कोणत्याही एका अपत्याबद्दल, त्याचा जो वार असेल तो सहज सांगितला असेल, तर उत्तर पुन्हा 1/2.

तीन दारांच्या कोड्यातही हेच घडले. एका दारामागे मोटार, दोन दारांमागे बकऱ्या. स्पर्धकाने एक दार निवडले, निवेदकाने दुसरे दार उघडून बकरी दाखवली आणि विचारले, दार बदलायचे का? सप्टेंबर 1990 मध्ये व्हॉस सावंत यांनी ‘बदला, जिंकण्याची संभाव्यता 2/3 होते’ असे लिहिले. त्यावर सुमारे 10,000 पत्रे आली. त्यांतली जवळजवळ 1,000 डॉक्टरेट असलेल्यांची होती. बहुतेकांनी त्यांना चूक ठरवले. 2/3 बरोबरच आहे, पण त्यासाठी काही गोष्टी धरून चालाव्या लागतात: मोटार कुठे आहे हे निवेदकाला माहीत आहे, तो प्रत्येक वेळी एक दार उघडतोच, आणि मोटारीचे दार कधीच उघडत नाही. निवेदकाने डोळे मिटून दार उघडले आणि योगायोगाने बकरी निघाली, तर बदलून फायदा नाही, संभाव्यता 1/2. स्पर्धकाने मोटारीचे दार धरले असेल तेव्हाच जर निवेदक बदलण्याचा मोह घालत असेल, तर बदलणारा हमखास हरेल. ज्या कार्यक्रमावरून हे कोडे निघाले त्याचे निवेदक मॉन्टी हॉल यांनी 1991 मध्ये न्यूयॉर्क टाइम्सच्या वार्ताहराला आपल्या घरी हा खेळ खेळून दाखवला. दार उघडण्याचे बंधन नसले की निवेदक स्पर्धकाला कसा खेळवू शकतो, हे त्यांनी प्रत्यक्ष करून दाखवले.

इथवर सगळे कागदावरचे. आता आपल्या राज्याकडे वळू. या विषयातले सर्वांत गंभीर गृहीत इथे सापडते.

पाठ्यपुस्तकात चार निष्पत्ती समसंभाव्य म्हणताना दोन गोष्टी मुकाट्याने धरल्या जातात. एक, मुलगा आणि मुलगी यांची संभाव्यता सारखी. दोन, थोरल्या अपत्याचा धाकट्याच्या लिंगावर काही परिणाम नाही. पहिली गोष्ट निसर्गात साधारण खरी आहे. 100 मुलींमागे सुमारे 105 मुलगे जन्मतात. फरक किरकोळ आहे. पण महाराष्ट्रात 0 ते 6 वयोगटात 1,000 मुलग्यांमागे मुली 1991 च्या जनगणनेत 946 होत्या, 2001 मध्ये 913 आणि 2011 मध्ये 894. गर्भलिंगनिदानावर कायद्याने बंधन घालणारे महाराष्ट्र हे देशातले पहिले राज्य. कायदा 1988 चा. केंद्राचा कायदा 1994 मध्ये आला आणि 2003 मध्ये तो आणखी कडक झाला. कायदा असूनही आकडा खाली घसरला. सातारा जिल्ह्यात ऑक्टोबर 2011 मध्ये ‘नकुशी’ नाव दिलेल्या 285 मुलींना नवी नावे देण्याचा समारंभ झाला, तो याच काळात.

दुसरे गृहीत तर अधिकच ढासळलेले आहे. प्रभात झा आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास 2006 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. देशभरातल्या 11 लाख कुटुंबांच्या पाहणीवर तो आधारलेला होता. पहिली मुलगी असलेल्या घरांत 1997 साली जन्मलेल्या दुसऱ्या अपत्यांत 1,000 मुलग्यांमागे मुली फक्त 759 होत्या. पहिला मुलगा असलेल्या घरांत हेच प्रमाण 1,102. पहिल्या दोन्ही मुली असतील तर तिसऱ्या अपत्यात हा आकडा 719 पर्यंत खाली गेलेला. थोरल्या बहिणीचे अस्तित्व धाकटीचा जन्म अडवत होते. निसर्गात असा संबंध नसतो. तो सोनोग्राफीच्या खोलीत तयार झाला.

हे आकडे कोड्यात घालून पाहू. पहिल्या अपत्यापुरते निम्मे-निम्मे धरू. 1,000 कुटुंबांपैकी 500 घरांत थोरली मुलगी. त्यांतल्या सुमारे 216 घरांत दुसरीही मुलगी, 284 घरांत मुलगा. उरलेल्या 500 घरांत थोरला मुलगा. त्यांतल्या सुमारे 262 घरांत धाकटी मुलगी, 238 घरांत मुलगा. आता निदान एक मुलगी असलेली घरे 762, आणि त्यांत दोन्ही मुली असलेली 216. पाठ्यपुस्तक 33 टक्के सांगते, इथे येतात 28. ‘थोरली मुलगी आहे, धाकटीही मुलगी असण्याची संभाव्यता किती?’ हा कोड्याचा सर्वांत सोपा, कोणताही वाद नसलेला प्रकार. त्याचे निर्विवाद उत्तर 1/2. तेही इथे 43 टक्क्यांवर येते. पन्नासच्या खाली राहिलेले ते सात टक्के न जन्मलेल्या मुलींची आठवण करून देतात. वर्गात फळ्यावर 1/2 लिहिताना ही गोष्ट मुलांना सांगितली पाहिजे. ती गणिताच्या तासाबाहेरची नाही.

गर्भलिंगनिदान अजिबात झाले नाही, तरीही कोडे निसटू शकते. समजा 400 जोडप्यांनी ठरवले: पहिला मुलगा झाला तर तिथेच थांबायचे, मुलगी झाली तर आणखी एक अपत्य, आणि मग काही झाले तरी थांबायचे. निसर्ग चोख निम्मे-निम्मे देणारा धरू. 200 घरे एका मुलावर थांबतील. उरलेल्या 200 घरांत थोरली मुलगी. त्यांत 100 ठिकाणी धाकटा मुलगा, 100 ठिकाणी मुलगी. एकूण मुलगे 300, मुली 300. लोकसंख्येत तोल अजिबात बिघडलेला नाही. पण दोन अपत्यांची घरे आता फक्त 200, आणि त्या प्रत्येकात थोरली मुलगीच. ‘दोन अपत्ये आहेत, निदान एक मुलगा आहे, दोन्ही मुलगे असण्याची संभाव्यता किती?’ उत्तर शून्य. 1/2 नाही, 1/3 नाही, शून्य. ‘दोन अपत्यांचे कुटुंब’ हे शब्द निरुपद्रवी वाटतात, पण कोणती घरे दोनावर थांबतात हे आधीच कोणीतरी ठरवलेले असते.

महाराष्ट्रात तर ते कायद्यानेही ठरते. 12 सप्टेंबर 2001 नंतर तिसरे अपत्य झालेल्या व्यक्तीला पिंपरी-चिंचवडसारख्या महापालिकेची निवडणूक लढवता येत नाही. राज्य शासनाच्या नोकरीसाठी 2005 पासून लहान कुटुंबाच्या प्रतिज्ञापनाचा नियम आहे. मोशी 1997 मध्ये महापालिकेत आली. निवडणुकीचा हा नियम आल्यापासून इथल्या राजकारणात उतरू पाहणाऱ्या प्रत्येक घराला हा दोनाचा आकडा विचारात घ्यावा लागला आहे. अशा घरात दोन अपत्ये असणे हा योगायोग नसतो, आणि योगायोगाचे गणित तिथे जसेच्या तसे लावता येत नाही.

दोन घटना एकमेकींपासून स्वतंत्र आहेत असे न सांगता धरून चालल्याने काय होऊ शकते, याचे सर्वांत दुःखद उदाहरण इंग्लंडमधले. सॅली क्लार्क या वकील बाईंची दोन तान्ही बाळे, एक 1996 मध्ये आणि दुसरे 1998 मध्ये, अचानक गेली. आईवर खुनाचा खटला झाला. बालरोगतज्ज्ञ रॉय मेडो यांनी न्यायालयात सांगितले की अशा कुटुंबात एका बाळाचा असा आकस्मिक मृत्यू होण्याची शक्यता 8,543 मध्ये एक, म्हणून दोन मृत्यूंची शक्यता त्याचा वर्ग: सुमारे 7 कोटी 30 लाखांत एक. पहिल्या मृत्यूचा दुसऱ्याशी काही संबंध नाही, हे त्या गुणाकारात गुपचूप शिरले होते. दोन्ही बाळांचे रक्त एक, घर एक, हवा एक. आनुवंशिक कारण असेल तर ते दोघांतही उतरणार. 1999 मध्ये सॅली क्लार्क यांना जन्मठेप झाली. 2001 मध्ये रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीने जाहीर निवेदन काढून या आकड्याला संख्याशास्त्रीय आधार नसल्याचे सांगितले. जानेवारी 2003 मध्ये शिक्षा रद्द झाली. त्यामागचे मुख्य कारण होते बचाव पक्षाला न दिलेला वैद्यकीय अहवाल, पण अपील न्यायालयाने त्या आकड्यावरही ताशेरे ओढले. तीन वर्षांहून अधिक काळ तुरुंगात काढलेल्या सॅली क्लार्क 2007 मध्ये वारल्या.

भोसरी आणि चाकणच्या कारखान्यांत हेच गृहीत रोज कामाला लागते. 1,000 जॉबच्या, म्हणजे सुट्या भागांच्या, लॉटमध्ये 20 खराब आहेत असे समजा. त्यातून 50 जॉब यादृच्छिक पद्धतीने काढून तपासले, तर एकही खराब हाती न लागण्याची संभाव्यता साधारण 35 टक्के. हा हिशेब बरोबर आहे, पण ‘यादृच्छिक’ या शब्दावर तो उभा आहे. प्रत्यक्षात सीएनसी मशीनवरच्या इन्सर्टची, म्हणजे कापणाऱ्या तुकड्याची, धार गेली की त्यानंतरचे जॉब ओळीने बिघडतात. ते 20 जॉब सर्वांत शेवटी तयार झाले असतील तर ते क्रेटमध्ये वरच पडलेले असतात. वरून 50 उचलले तर 20 च्या 20 सापडतील; क्रेट दुसऱ्यात ओतल्यावर ते तळाशी गेले तर एकही सापडणार नाही. 35 टक्के हा आकडा दोन्ही वेळा निरुपयोगी. अनुभवी इन्स्पेक्टर म्हणूनच आधी विचारतो, इन्सर्ट कधी बदलला, आणि कोणता क्रेट कोणत्या शिफ्टचा. पुस्तकात न लिहिलेली ओळ तो शॉप फ्लोअरवर लिहून घेत असतो.

स्मृतिव्याख्यानात कोणाचे तरी स्मरण करायचे असते. या विषयापुरते ते प्रा. वसंत शंकर हुजूरबाजार यांचे करायला हवे. कोल्हापुरात जन्मलेले हुजूरबाजार केंब्रिजला हॅरल्ड जेफ्रीज यांच्या मार्गदर्शनाखाली शिकले, आणि पुणे विद्यापीठातला संख्याशास्त्राचा विभाग त्यांनी घडवला. 1974 मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. त्यांचे गुरू जेफ्रीज यांचा 1939 चा संभाव्यतेवरचा ग्रंथ एका आग्रहासाठी प्रसिद्ध आहे. कोणतीही संभाव्यता सुटी लिहायची नाही. मधे उभी रेघ ओढायची आणि रेघेच्या उजव्या बाजूला ‘काय माहीत आहे’ ते लिहायचे. त्या उजव्या बाजूवाचून डाव्या बाजूला त्यांच्या लेखी अर्थ नव्हता. शालेय पुस्तकांत ही रेघ उशिरा येते, किंवा येतच नाही. ती आठवी-नववीतच यावी, चिन्ह म्हणून नाही तर सवय म्हणून. प्रश्नाखाली एक रिकामी ओळ छापावी: ‘ही माहिती कशी मिळाली?’ विद्यार्थ्याने ती आधी भरावी आणि मग गणित करावे. दोन विद्यार्थ्यांनी ती वेगवेगळी भरली आणि दोघांची उत्तरे वेगळी आली, तर दोघांनाही पूर्ण गुण मिळावेत.

मोशी, चिखली, डुडुळगाव या भागातल्या कोणत्याही शाळेला हे स्वतः करून पाहता येईल, आणि खर्च काहीच नाही. एके दिवशी सगळ्या वर्गांतल्या मुलग्यांना विचारावे: ज्यांना नेमके एकच भावंड आहे, त्यांना भाऊ आहे की बहीण? मग पालकसभेत आयांना विचारावे: ज्यांना दोन अपत्ये आहेत आणि निदान एक मुलगा आहे, त्यांपैकी किती जणींना दोन्ही मुलगे? पाठ्यपुस्तकी हिशेबाने पहिल्या यादीत निम्म्यांना भाऊ असेल आणि दुसऱ्या यादीत तिसऱ्या हिश्श्याच्या घरी दोन्ही मुलगे असतील. कारण दोन मुलग्यांचे घर मुलांच्या यादीत दोनदा मोजले जाते आणि आयांच्या यादीत एकदाच. लॅन्सेटच्या आकड्यांवरून मात्र पहिल्या यादीत 47 टक्के आणि दुसऱ्या यादीत 30 टक्के यायला हवेत. शाळेची मोजणी पाठ्यपुस्तकाच्या बाजूला झुकते की लॅन्सेटच्या, हे मुलांनीच काढावे. मोजताना थोरले अपत्य कोण हा रकाना विसरू नये, जुळी असतील तर वेगळी नोंद करावी, आणि एकाच घरातली भावंडे शिकायला वेगवेगळ्या शाळांत जातात का, हेही विचारून ठेवावे.